पुढे काय करायचं ते ठरलेलं नाही, मग पदवीचा विषय कसा निवडायचा?

अर्धविराम

नमस्कार. बराच काळ नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

शाळा संपली. प्रवेशअर्ज भरायला थोडेच दिवस उरलेत आणि त्यातला पहिलाच रकाना आहे 'मुख्य विषय'. तिथेच अडले आहे. गुण सगळ्या विषयांत बरे आहेत, डोळ्यात भरतील असे एकातही नाहीत. गणितं सोडवायला आवडतात. इतिहास वाचायला आवडतो. माणसं अशी का वागतात याचं कुतूहल आहे. कुणाला काही समजावून सांगायला बसले की वेळ कसा जातो कळत नाही. पण 'मला अमुक व्हायचंय' असं आजवर कधीच वाटलेलं नाही. वर्गातल्या बऱ्याच जणांचं ठरलं आहे, निदान ते तसं सांगतात.

सध्या यादीत अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र आणि इतिहास आहेत. घरून जबरदस्ती नाही, पण 'यातून पुढे काय?' हे रोज विचारलं जातं आणि मी गप्प बसते.

ज्यांचं या वयात ठरलेलं नव्हतं त्यांनी कसं निवडलं? आणि निवड चुकली तर किती महागात पडते? मला धीर देऊ नका, खरं काय ते सांगा.

फळा_खडू

महाविद्यालयात शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत हाच प्रश्न घेऊन येणारी मुलंमुली खूप भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट निकालात काढ. काही व्यवसायांत ठरावीक पदवीशिवाय पाऊलच ठेवता येत नाही, कारण पुढचा परवाना किंवा नोंदणी त्या पदवीवरच मिळते. वैद्यक, दंतवैद्यक, नर्सिंग, औषधनिर्माण, वास्तुकला ही त्यातली ठळक नावं. अमेरिकेत आधी दुसरी पदवी घेऊन मग वैद्यकाला जातात, पण तिथेही जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राचे ठरावीक पेपर आधी झालेले लागतात. यातलं काही मनात अगदी पुसटसं जरी असेल तर त्याचा विचार आत्ताच कर. तीन वर्षांनी तिकडे वळायचं म्हणजे जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तुझ्या यादीत असं काही दिसत नाही. फक्त मानसशास्त्राबद्दल एक लक्षात ठेव: नुसत्या पदवीने कुणी समुपदेशक किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होत नाही, त्यासाठी पुढचं शिक्षण आणि बऱ्याच देशांत नोंदणी लागते.

आता राहिले बाकीचे विषय. हे सगळे एकाच तऱ्हेचे नसतात, आणि हा फरक मुलांना कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. काही विषय जिन्यासारखे असतात. गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, बऱ्याच अंशी अर्थशास्त्र आणि संगणकशास्त्र. दुसऱ्या वर्षाचं समजायला पहिल्या वर्षाचं पक्कं लागतं, मधल्या पायऱ्या गाळता येत नाहीत. इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र यांतही खोली आहेच, पण तिथे वाचन आणि लेखनाची सवय असलेला माणूस उशिरा येऊनही शिरू शकतो. म्हणून ज्यांचं ठरलेलं नाही त्यांना मी सांगते की पहिल्या वर्षी गणित किंवा संख्याशास्त्राचा एक तरी पेपर सोडू नकोस. गणित घेऊन पुढे इतिहासाकडे गेलेले विद्यार्थी मी पाहिलेत. इतिहास करून तिसऱ्या वर्षी गणिताकडे वळणं फार कठीण जातं. गणित श्रेष्ठ आणि इतिहास कनिष्ठ असा अर्थ यातून कृपा करून काढू नका. मी फक्त कोणत्या क्रमाने शिकणं सोयीचं, ते सांगतेय.

आणि विषयाच्या नावावर जाऊ नकोस. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शेवटच्या वर्षाचा अभ्यासक्रम काढून वाच. पहिलं वर्ष सगळीकडे सोपं आणि ओळखीचं असतं, विषयाचा खरा पिंड शेवटच्या वर्षात दिसतो. मानसशास्त्र म्हणजे लोकांची दुःखं ऐकून घेणं अशा समजुतीने येणाऱ्यांना संशोधन पद्धती, प्रयोगांची आखणी आणि संख्याशास्त्र भेटतं. अर्थशास्त्र म्हणजे बातम्यांतल्या महागाईची चर्चा असं वाटतं, प्रत्यक्षात कलनशास्त्र (कॅल्क्युलस) आणि अर्थमिती, म्हणजे आर्थिक आकडेवारीचं संख्याशास्त्रीय विश्लेषण, येते. संगणकशास्त्र म्हणजे अॅप बनवणं, हा समज तर सगळीकडे आहे. तिथे अल्गोरिदमच्या सिद्धता आणि विविक्त गणित (डिस्क्रीट मॅथ्स) असतं. आणि इतिहास म्हणजे गोष्टी नव्हेत. जुनी कागदपत्रं वाचायची, दोन साधनं एकमेकांच्या विरुद्ध सांगत असली तर कुणाचं किती धरायचं ते ठरवायचं, आणि पानंच्या पानं नेटकं लिहायचं.

वाटसरू

ताईंशी पूर्ण सहमत, विशेषतः शेवटच्या वर्षाचा अभ्यासक्रम वाचण्याबद्दल.

माझी पदवी भौतिकशास्त्राची, काम गेली अनेक वर्षं विमा क्षेत्रात. भौतिकशास्त्रातलं एकही सूत्र कामात वापरत नाही. पण एखादा प्रश्न समोर आला की त्यातलं गाळायचं काय आणि ठेवायचं काय ही सवय तिथेच लागली, आणि ती रोज उपयोगी पडते. मला पदवी घेताना विमा हे क्षेत्र माझ्यासाठी आहे हे माहीतच नव्हतं. अठराव्या वर्षी आपल्याला जगातली जेमतेम दहा-बारा कामं नावाने माहीत असतात, त्यातूनच एक निवडा असं सगळे सांगत असतात. तुझं ठरलेलं नाही यात तुझी काही उणीव आहे असं मला वाटत नाही.

उदाहरणंच हवी असतील तर वेंकी रामकृष्णन यांनी भौतिकशास्त्रात पदवी घेतली, १९७६ मध्ये त्याच विषयात डॉक्टरेट केली आणि मग जीवशास्त्राकडे वळले. २००९ चं नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं. जेफ्री हिंटन केंब्रिजमध्ये विषय बदलत बदलत १९७० मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचे पदवीधर झाले, आयुष्य गेलं कृत्रिम बुद्धिमत्तेत, आणि २०२४ चं नोबेल भौतिकशास्त्राचं. अँगेला मर्केल यांची डॉक्टरेट क्वांटम रसायनशास्त्राची, आणि त्या १६ वर्षं जर्मनीच्या चॅन्सेलर होत्या.

साकव

वाटसरू, ही नावं वाचायला छान वाटतात, पण माझ्या मुलीला मी ती सांगणार नाही. विषय बदलून ज्यांचं काही झालं नाही त्यांची नावं आपल्याला कधी कळतच नाहीत.

मी पालक आहे. मुलगी पुढच्या वर्षी याच टप्प्यावर येईल. शिक्षणासाठी कर्ज काढावं लागणार आहे. अशा घरात एक जादा वर्ष म्हणजे एका वर्षाचं शुल्क, एका वर्षाचा राहण्याचा खर्च आणि एका वर्षाची न मिळालेली कमाई. 'मन लागेल ते कर, पुढचं पुढे बघू' हा सल्ला ज्यांच्यामागे आधार आहे त्यांना परवडतो. आम्ही काय करायचं?

वाटसरू

साकव, तुमचं म्हणणं रास्त आहे. ती उदाहरणं मी 'विषय म्हणजे जन्मठेप नाही' एवढ्यापुरती दिली. त्यात आणखी एक लिहायला हवं होतं: रामकृष्णन डॉक्टरेटनंतर पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्राच्या वर्गात बसले. वळण घेता आलं, पण काही वर्षं देऊन. ती किंमत प्रत्येकाला झेपेलच असं नाही.

टेबलापलीकडे

साकव यांच्या प्रश्नाबद्दल मला जे दिसतं ते लिहितो. नव्याने पदवी घेतलेल्यांच्या मुलाखती घेणं हा माझ्या कामाचा भाग आहे.

पहिल्या नोकरीच्या वेळी पदवीचं नाव महत्त्वाचं असतं, हे खोटं सांगण्यात अर्थ नाही. अर्ज खूप येतात आणि पहिली चाळणी पदवीवर लागते. दुसऱ्या नोकरीच्या वेळी मी पदवीकडे ओझरतं बघतो, आधीच्या ठिकाणी काय केलं ते विचारतो. डेव्हिड डेमिंग आणि कादीम नोरे यांचा अमेरिकेतल्या पगारांवरचा २०२० चा अभ्यास याच धर्तीचं सांगतो: अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र यांसारख्या विषयांच्या पदवीधरांची कमाईतली आघाडी सुरुवातीला सर्वांत मोठी असते आणि पुढे कमी होत जाते, कारण त्या क्षेत्रांतली कौशल्यं झपाट्याने जुनी होतात आणि नवी शिकत राहावं लागतं.

कर्ज असलेल्या घराने सुरुवातीचा पगार बघून विषय निवडला तर त्यात कमीपणा मुळीच नाही, हप्ते सुरुवातीच्याच वर्षांत फेडायचे असतात. फक्त तो पगार मिळण्यासाठी त्या विषयात टिकावं लागतं. जो विषय मुलीला झेपत नाही किंवा जो उघडायलाच नको वाटतो, त्यात ती मागे पडली तर जादा वर्षाचा खर्च तिथेच होतो. पगाराच्या क्रमाने यादी लावा आणि त्यात तिला रोजचं काम सहन होईल असा पहिला विषय कोणता ते बघा. 'आवडेल' असं मी मुद्दाम लिहिलं नाही. सहन होणंही पुरतं, आवड पुढे येऊ शकते.

आकडेमोड

धागाकर्तीने 'खरं काय ते सांगा' म्हटलंय म्हणून थोडे आकडे.

विषय बदलणं किती सर्रास आहे? अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या सांख्यिकी केंद्राने २०११-१२ मध्ये प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांचा मागोवा घेतला. पदवीच्या अभ्यासक्रमात ज्यांनी मुख्य विषय जाहीर केला होता त्यांपैकी सुमारे ३३ टक्क्यांनी तीन वर्षांच्या आत तो निदान एकदा बदलला. गणित घेतलेल्यांत हे प्रमाण ५२ टक्के होतं. म्हणजे ज्यांचं 'ठरलेलं' असतं त्यांचंही तसं ठरलेलं नसतं. अर्धविराम, तुझ्या वर्गातल्या मुलांना हे लागू पडेल असं धरून चाल.

दुसरा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडमध्ये विद्यार्थी विद्यापीठात येण्याआधीच विषय ठरवतो. स्कॉटलंडमध्ये पहिली दोन वर्षं अनेक विषय घेता येतात आणि मग मुख्य विषय पक्का होतो. शेजारी शेजारी दोन पद्धती, नोकऱ्यांचा बाजार बराचसा सारखा. ओफर मालामुद या अर्थशास्त्रज्ञाने दोन्हीकडच्या पदवीधरांची तुलना केली. लवकर विषय ठरवणारे इंग्लंडचे पदवीधर आपल्या विषयाशी संबंध नसलेल्या कामाकडे जास्त प्रमाणात वळलेले निघाले. लवकर ठरवून त्यांची त्या विषयातली तयारी जास्त झाली होती, तरीही ते सोडून गेले. आपल्याला काय जमतं आणि काय रुचतं हे शिकता शिकताच कळतं, आणि त्याला वेळ मिळाला तर निवड चांगली होते, असा त्याचा अर्थ मी लावतो.

आणखी एक. जॉर्डी क्वाडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांनी २०१३ मध्ये १८ ते ६८ वयाच्या १९,००० हून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गेल्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो हे प्रत्येक वयाचे लोक मान्य करतात, पण पुढच्या दहा वर्षांत आपण फारसे बदलणार नाही असंही त्यांना वाटतं. अठराव्या वर्षी अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आपल्यासाठी निवड करताना हे ध्यानात असू द्यावं.

किरमिजी

मी मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. फळा_खडू ताईंनी संशोधन पद्धतींबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के खरं.

मला एक फरक सांगायचाय. एखाद्या विषयाचं कुणी केलेलं निरूपण ऐकायला आवडणं वेगळं आणि तो विषय स्वतः करायला आवडणं वेगळं. कृष्णविवरांवरचे व्हिडिओ मी तासन् तास बघू शकते, पण भौतिकशास्त्राची उदाहरणं सोडवायला मला अजिबात आवडत नाही. मानसशास्त्रात मात्र प्रश्नावली तयार करणं, उत्तरांची विदा (डेटा) साफ करणं, एकच प्रश्न चार तऱ्हांनी विचारून बघणं, अशी कंटाळवाणी वाटणारी कामं मला आवडायला लागली. पहिल्या सत्रात आवडत नव्हती. जमायला लागली तशी आवडली.

म्हणून माझा सल्ला: यादीतल्या प्रत्येक विषयाचं पहिल्या वर्षाचं एक पाठ्यपुस्तक मिळव. ग्रंथालयातून आण किंवा एमआयटी ओपनकोर्सवेअर, स्वयम् अशा ठिकाणचं फुकट साहित्य घे. एक प्रकरण वाच आणि त्यामागचा स्वाध्याय पूर्ण कर. स्वाध्याय टाळलास तर काहीच कळणार नाही. इतिहासाच्या बाबतीत एकाच घटनेवरची दोन मतं वाचून दोन पानं स्वतः लिही. अडलं तेव्हा तुला पुन्हा करून बघावंसं वाटलं की मोबाइल हातात घ्यावासा वाटला, ते बघ.

मधली_सुटी

दोन विषय आवडत असतील तर डबल मेजर करून टाक. प्रश्नच मिटला.

फळा_खडू

मधली_सुटी, जिथे दोन्ही विषयांचे बरेच पेपर सामाईक आहेत तिथे ठीक आहे. एरवी दोन मुख्य विषय घेतले की ऐच्छिक पेपरांना जागा उरत नाही, इंटर्नशिपला वेळ उरत नाही आणि ज्याचं ठरलेलं नाही त्याला नेमकी तीच मोकळी जागा हवी असते. एक मुख्य विषय आणि एक जोडविषय पुरे.

आणि किरमिजी, 'जमायला लागली तशी आवडली' हे वाक्य मी माझ्या वर्गात सांगणार आहे. पॉल ओकीफ, कॅरोल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांचा २०१८ चा अभ्यास याच अंगाने जातो. आपली आवड कुठेतरी तयार पडलेली आहे आणि ती फक्त सापडायची आहे असं मानणारी मुलं, विषय कठीण होऊ लागला की लवकर मागे फिरतात. आवड घडत जाते असं मानणारी टिकून राहतात.

अर्धविराम

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या आस्थेने लिहाल असं वाटलं नव्हतं.

किरमिजीताई, तू सांगितलंस तसं सुरू केलंय. मानसशास्त्राचं पहिलं प्रकरण वाचायला मजा आली, पण स्वाध्याय करताना मन लागलं नाही. संख्याशास्त्रात संभाव्यतेची उदाहरणं केली. बरीच चुकली, पण चुकलेली पुन्हा पुन्हा करून बघितली आणि जेवायला उशीर झाला म्हणून आई रागावली. अर्थशास्त्र अजून बाकी आहे.

दोन प्रश्न. एक, कल चाचणी करून घ्यावी का? ओळखीतले सगळे तेच सुचवताहेत. दोन, पहिल्या वर्षात नको वाटलं तर ते 'अजून जमत नाही' आहे की 'हा विषय माझा नाही' आहे हे कसं ओळखायचं?

फळा_खडू

कल चाचणीबद्दल. यातल्या बहुतेक चाचण्यांच्या मुळाशी जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेला सिद्धांत असतो. कामाच्या आवडींचे सहा प्रकार त्यांनी केले: हाताने करण्याची कामं, शोध घेण्याची, कलेची, माणसांना मदत करण्याची, पुढाकार घेऊन घडवून आणण्याची आणि व्यवस्थित नोंदी ठेवण्याची. चाचणी करायला हरकत नाही. पण ती आवड मोजते, क्षमता मोजत नाही, आणि तुला आज जे माहीत आहे त्यावरच तू उत्तरं देणार. जे काम तू कधी पाहिलंच नाहीस त्याच्याबद्दल ती काय सांगणार? निकालाचा उपयोग बोलायला शब्द मिळण्यापुरता कर. तू लिहिलंस की समजावून सांगताना वेळ जातो आणि चुकलेलं गणित पुन्हा करावंसं वाटतं, त्यातून मला बरंच कळलं.

दुसरा प्रश्न कठीण आहे. मी विद्यार्थ्यांना तीन गोष्टी वेगवेगळ्या करायला सांगते: शिकवणारा, वेग आणि विषय. एखादे शिक्षक नीट शिकवत नाहीत म्हणून विषय नकोसा होतो, तेव्हा दुसरं पुस्तक किंवा दुसऱ्या कुणाची व्याख्यानं लावून बघायची. वेग जास्त असेल तर मागची पायरी कच्ची आहे का ते तपासायचं, बहुतेकदा ती कच्ची असते. हे दोन्ही करूनही, आणि प्रश्न सुटू लागल्यावरही, सुटल्याचा आनंद होत नसेल तर मग विषयाबद्दल विचार करावा. न जमण्याच्या काळात सोडायचं की नाही ते ठरवू नये. थोडं जमू लागलं की मग ठरवावं.

आकडेमोड

याला एक पुरवणी. राल्फ आणि टॉड स्टाइनब्रिकनर यांनी अमेरिकेतल्या एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांना प्रवेशापासून वेळोवेळी प्रश्न विचारून नोंदी ठेवल्या. विज्ञान घ्यायचं ठरवून आलेले बरेच जण पुढे बाहेर पडले, आणि त्याचं मोठं कारण हे होतं की आपल्याला किती गुण पडतील याबद्दलचा त्यांचा सुरुवातीचा अंदाज फार चढा होता. पहिल्या सत्राचे गुण ही माहिती असते, ती लाजून लपवू नये आणि तिला शेवटचा निकालही मानू नये.

साकव

टेबलापलीकडे, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. पगाराच्या क्रमाने यादी आणि त्यात सहन होणारा पहिला विषय, हे आमच्या घरी चालण्यासारखं आहे. धन्यवाद.

अर्धविराम, तू लिहिलंस की घरी 'पुढे काय?' विचारलं की गप्प बसतेस. बाप म्हणून सांगतो, त्या प्रश्नामागे बहुतेकदा हट्ट नसतो, भीती असते. तू गप्प बसलीस की ती वाढते. माझ्या मुलीने मला एका कागदावर चार गोष्टी लिहून दिल्या तर मी शांत झोपेन. कोणता विषय आणि का. तो बदलायचा झाला तर कोणत्या सत्रापर्यंत बदलता येतो. बदलला तर किती पैसे आणि किती महिने जास्त लागतील. आणि काहीच बदललं नाही तर पदवी संपल्यावर कोणत्या तऱ्हेची कामं मिळतात. 'मला अमुक व्हायचंय' हे त्यात नसलं तरी चालेल मला.

अर्धविराम

काका, हे फार कामाचं आहे. आजच लिहायला घेते. यातली दुसरी आणि तिसरी गोष्ट कुणाला विचारायची?

टेबलापलीकडे

महाविद्यालयाच्या कार्यालयात विचार, आणि शक्यतो लेखी उत्तर घे किंवा नियमावलीतलं पान मागून घे. मुख्य विषय बदलायची शेवटची मुदत कोणती? बदलताना जागा रिकामी असावी लागते की गुणांची अट आहे? झालेले क्रेडिट नव्या विषयात धरले जातात का, सगळे की काहीच? शिष्यवृत्ती असेल तर विषय बदलल्यावर चालू राहते का? देशागणिक आणि विद्यापीठागणिक नियम फार वेगळे आहेत. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत विषय जाहीर न करता शिकता येतं. भारतात २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडण्याची तरतूद केली, पण प्रत्येक महाविद्यालयात विषयांचे पर्याय प्रत्यक्षात किती आहेत ते तिथेच जाऊन विचारावं लागतं.

दोन महाविद्यालयांत निवड करायची वेळ आली आणि बाकी सगळं सारखं असलं, तर जिथे विषय बदलायची मुदत उशिरापर्यंत आहे ते घे. ज्याचं ठरलेलं नाही त्याने विषयाइतकाच याचाही विचार करावा असं माझं ठाम मत आहे.

वाटसरू

+१. याला सोन्याच्या अक्षरांत लिहा.

शिवाय पहिल्या दोन उन्हाळी सुट्या नोकरीसारख्या कामात घालव, पैसे कमी मिळाले तरी. वर्गात विषय कळतो, पण ते काम करणाऱ्यांचा दिवस कसा जातो ते तिथे कळत नाही. विमागणिती, सर्वेक्षण करणारे, बँकेत जोखीम मोजणारे, शाळेत शिकवणारे, कुणाही ओळखीच्याला विचार की कालचा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंत. 'तुमचं काम कसं आहे' असं विचारलंस तर सगळे छान म्हणतात. कालच्या दिवसाबद्दल विचारलं की खरं कळतं.

मधली_सुटी

एक वर्ष थांबून मग प्रवेश घेतला तर?

किरमिजी

थांबायला हरकत नाही, पण त्या वर्षात काय करणार ते आधी ठरलेलं हवं. काम, प्रकल्प, एखादी भाषा. माझी एक मैत्रीण थांबली, एका सर्वेक्षणाच्या कामाला लागली आणि तिथूनच तिला समाजशास्त्र सापडलं. दुसरी थांबली आणि वर्षभर घरात बसून तोच विचार करत राहिली, वर्षाअखेरी तिच्याकडे सांगण्यासारखं नवीन काही नव्हतं. घरात विचार करून हे सुटत नाही, असं मला तरी वाटतं.

अर्धविराम

अर्थशास्त्राचंही प्रकरण झालं. मागणी-पुरवठ्याचे आलेख सोपे गेले, पण खरं गुंतले ते एका स्वाध्यायात, जिथे एका तक्त्यावरून दोन परस्परविरोधी निष्कर्ष काढता येत होते आणि कोणता का चूक ते सांगायचं होतं. इतिहासाची दोन पानंही लिहिली. लिहायला आवडली, पण रोज करावंसं वाटेल का, खात्री नाही. ऐच्छिक म्हणून नक्की घेईन.

साकवकाकांनी सांगितलेला कागद काल घरी दिला. बाबांनी तो वाचून पहिल्यांदाच 'पुढे काय?' न विचारता 'बदलायची मुदत खरंच तिसऱ्या सत्रापर्यंत आहे का?' असं विचारलं. नियमावलीचं पान दाखवलं.

मुख्य विषय संख्याशास्त्र, जोडविषय अर्थशास्त्र असा अर्ज भरतेय. अर्थशास्त्राकडे वळावंसं वाटलं तर तिसऱ्या सत्राआधी वळता येईल, आणि पहिल्या वर्षाचे गणिताचे पेपर दोन्हीकडे धरले जातात हे कार्यालयाने लेखी दिलंय. फळा_खडूताई, वर्ग सुरू व्हायला वेळ आहे. कुठली पायरी आधी पक्की करू?

फळा_खडू

छान निवड, आणि लेखी घेतलंस ते फार चांगलं केलंस.

तीन गोष्टी, याच क्रमाने. आधी क्रमचय-संचय आणि संभाव्यता, शाळेच्या पुस्तकातलीच, पण उत्तरं न बघता. त्यात सशर्त संभाव्यतेवर जास्त वेळ दे, पहिल्या सत्रात सगळ्यात जास्त मुलं तिथे अडखळतात. मग अवकलन (डिफरन्सिएशन) आणि साधं संकलन (इंटिग्रेशन) हाताला बसेपर्यंत, कारण सतत चलांची वितरणं आली की संकलनाशिवाय पुढे सरकता येत नाही. शेवटी सारणी (मॅट्रिक्स): गुणाकार, व्यस्त, निर्धारक. त्या दुसऱ्या वर्षी प्रतिगमनात (रिग्रेशन) लागतील, म्हणून घाई नाही. वेळ उरला तर कुठलीही खरी विदा घेऊन स्प्रेडशीटमध्ये सरासरी, मध्यक आणि प्रमाण विचलन काढून बघ, आणि सरासरी व मध्यकात मोठा फरक आला तर का आला ते दोन ओळींत लिही.

सशर्त संभाव्यतेची पहिली दहा उदाहरणं झाली की इथेच टाक, तपासून देते.